गणूच्या खाली अकरा वर्षं

मित्रांनो, सायकलची एक जुनी सीट आहे मी, आणि फार दमले आहे. अमेरिकेतल्या कॅरी गावात मनोहरकाकांच्या गराजमध्ये खिळ्याला टांगलेली असते. माझं कातडं मंगोलियातल्या अशा घोड्याचं आहे, की ज्याला लांडगेसुद्धा वाट विचारत. बरं, राहू दे. फोम आणि प्लास्टिकपासून मला एका कारखान्यात घडवलं. थापांची सवय मला कामामुळे लागली. अकरा वर्षं मी इथल्या शर्यती धावले आणि त्यांतली एकही पाहिली नाही. मला दिसायची ती एक काळी चड्डी. बाकी सगळं वजनावरून ओळखायचं आणि कानांवर भागवायचं. सीटला कान कुठे असतात, ते विचारू नका.

ती चड्डी गानझोरिगची. हा मंगोलियाचा व्यावसायिक सायकलपटू. बाविसाव्या वर्षी एक सुटकेस आणि मला घेऊन इकडे आला. संघ दरवर्षी नवी सायकल द्यायचा, सीट मात्र तो जुनीच लावायचा. "हिला माझी हाडं ठाऊक आहेत," म्हणायचा. आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच. मी ते पुरवून पुरवून वापरलं.

जिंकणं हे त्याचं काम नव्हतं. संघातल्या एकाने जिंकायचं आणि बाकीच्यांनी त्याच्यासाठी वारा अंगावर घ्यायचा, असा या खेळाचा रिवाज. गानझोरिग मागे संघाच्या मोटारीपाशी जाई, आठ बाटल्या जर्सीत कोंबे आणि पुन्हा पुढे येऊन वाटे. भार शेवटी माझ्यावरच. आम्ही वाहिलेल्या पाण्यात शुगर लँडसारख्या तापत्या गावाचा अख्खा उन्हाळा भिजून निघाला असता.

लहान संघांचे खेळाडू शर्यतीच्या गावी कुणाच्या तरी घरी उतरतात. कॅरीत तो मनोहरकाका आणि अहिल्याकाकूंकडे उतरू लागला. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याचा गणू केला. निघताना त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवली. गणूने त्यात बोट बुडवलं, थोडं दही आभाळाकडे उडवलं, थोडं चाकावर. उरलेलं माझ्यावर सांडलं. त्याच्या गावी प्रवासाला निघताना असंच दूध उडवतात.

"अगं, ते खायचं असतं, एक्सप्लेन तरी कर त्याला," काका म्हणाले.

"असू दे. सायकललाही जायचंय ना," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून दरवर्षी तेच. गणूने दही कधी चाखलं नाही, सगळं वाटेला देऊन टाकलं. मला मात्र कायमचा आंबट वास लागला.

यंदा तो आला तेव्हा त्याचं बसणंच मला ओळखू येईना. वजन तेच, पण पोतं टाकावं तसं. संध्याकाळी गराजमध्ये तो साखळी पुसत होता. काकू जेवायला बोलवायला आल्या.

"काय झालं रे गणू? तोंड का उतरलंय?"

"काकू, उद्याची शेवटची. पुढच्या वर्षी संघाला मी नको." त्याचं इंग्रजी मोडकं, पण काकूंना ते पाठ झालेलं. "आई फोनवर विचारते, कितवा आलास. अकरा वर्षं मी सांगतो, आमचा माणूस पहिला आला. ती म्हणते, ते कळलं. तू?"

काकूंनी त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. मग म्हणाल्या, "चल, भात निवतोय."

सकाळी दही आलं. मी अंग चोरून वाट पाहत राहिले. शिंतोडा पडलाच नाही.

"आज मी खातो," गणू म्हणाला आणि त्याने तळहात चाटूनपुसून साफ केला.

"खा. वाटेचं मी बघते," म्हणत काकूंनी वाटीतलं दही चमच्याने चाकावर उडवलं.

शेवटचा चढ आला. त्याच्या कानातल्या यंत्रातून संघाचा हुकूम आला, "मागे ये. पाणी हवंय." पुढचं मला पाठ होतं. वजन मागे सरकणार, पाय मंदावणार. त्या दिवशी वजन पुढे सरकलं.

"आज ज्याचं त्याने आणावं," गणू म्हणाला आणि पॅडलवर उभा राहिला.

सबंध चढ तो उभाच होता. माझ्यावरून वारा गेला. आभाळ निळं असतं हे मी ऐकून होते, तेव्हा पाहिलं.

तो पहिला आला असं सांगणं मला काही जड नाही. पण ज्याने स्वतःचं दही स्वतः खाल्लं, त्याच्याबद्दल खोटं बोलवत नाही.

"कितवा रे?" काकूंनी विचारलं.

"सातवा."

"सातवा?" काका म्हणाले.

"सातवा, काका. पण मी."

तिथेच त्याने आईला फोन लावला. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण म्हातारी हसली, तेवढं ऐकू आलं.

जाताना त्याने मला सायकलवरून काढून काकूंच्या हातात दिलं. "ही दमली आहे. हिच्यावर आता कुणी बसू नका."

मित्रांनो, माझं काही मोठं मागणं नाही. महिन्यातून एकदा फडकं फिरवलंत तरी पुरे. पण तुमच्या घरातही कुणीतरी आठ बाटल्या वाहत असेल. त्याच्यावरून अधूनमधून उठत जा. बसलेल्याला खालचा दमलाय हे कळत नाही.