लिलीच्या कंदाची झडती

यवतमाळात हिवाळा म्हणजे हुरडा, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्या भागातल्या पाच-सात घरांत हिवाळा म्हणजे लिली. दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की दर रविवारी सकाळी सगळी मंडळी नानासाहेब वझलवारांच्या ओसरीवर जमायची. यंदा कुठले कंद मागवायचे, कुठल्या वाफ्यात लावायचे, कुंडीत वाळू किती घालायची, यावर असा खल चालायचा की नागपूरच्या अधिवेशनात तरी तसा होत असेल की नाही, कोण जाणे. पावसाळ्यात कुंपणाच्या कडेनं आपोआप उगवते ती लिली या लोकांच्या लेखी गवत. खरी लिली कालिम्पाँगहून यायची, पार्सलनं, भुशात गुंडाळून.

मीही त्यातलीच, उगाच शहाणपणा सांगत नाही. रविवारी वरणाला फोडणी देऊन जी निघायची ती पोळ्या लाटायला कोणी आहे का घरात, याचासुद्धा विचार करायची नाही. आमचे हे शाळेत मास्तर. नानासाहेब त्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष आणि वर गावातले मोठे वकील, म्हणून हे त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसायचे. मी मात्र ऐसपैस बसायची. लिलीच्या ओसरीवर मास्तर आणि वकील सारखेच, अशी माझी तेव्हाची समजूत होती.

नर्सरीचं रंगीत चित्रांचं पुस्तक नानासाहेबांकडेच असायचं. पानं ते स्वतः उलटायचे. दुसऱ्याचा हात लागला की म्हणायचे, "डाग पडतो." त्रेसष्ट सालच्या त्या पुस्तकात एका पानावर सगळ्यांचाच जीव अडकला. लांब कर्ण्यासारखं फूल, आतून पांढरंशुभ्र, गळ्यात पिवळी झाक आणि बाहेरून जांभळ्या वांग्याचा रंग. नानासाहेबांनी ते पान उलटायला बराच वेळ लावला. प्रत्येक घरासाठी एक असे त्याचे कंद मागवायचं ठरलं.

मूर्तिजापूरहून येणाऱ्या छोट्या गाडीनं पार्सल आलं आणि त्यात तो कंद एकच निघाला. बाकीचे शिल्लक नाहीत, असं नर्सरीनं कळवलं होतं. मग चिठ्ठ्या टाकल्या. रजनीवहिनींनी, म्हणजे नानासाहेबांच्या बायकोनं, डोळे मिटून वाटीतली एक उचलली आणि वाचली, "कुंदा." माझं नाव. मला इतका आनंद झाला की मी लाजले. लसणाच्या मोठ्या गड्ड्यासारखा होता तो, फक्त पाकळ्या जरा सुटलेल्या. मी तो तळहातावर धरला तेव्हा नानासाहेब हसून म्हणाले, "नशीब काढलंत, बाई. पण घरी नेऊ नका आत्ताच. थंडी पुरती पडेपर्यंत सगळे कंद आमच्या मागच्या पडवीत वाळूत राहू द्या." दरवर्षी तसंच व्हायचं. मी ठेवला.

पुढच्या रविवारी वाळूत बाकी सगळे कंद होते, माझा नव्हता.

पडवीत जाणारा माणूस एकच, फुलसिंग. घाटंजीच्या वाटेवरच्या एका बंजारा तांड्यातला. तो नानासाहेबांच्या बागेत काम करायचा आणि आम्हा बाकीच्यांकडे वेळ मिळेल तसा. बोलायला फटकळ, कामाला वाघ. मला म्हणायचा, "बाई, तुमी झाडाले लेकरावानी कुरवाळता, मंग ते लाडावते." आमचं पटायचं. नानासाहेब शांतपणे म्हणाले, "तांड्यावरचा माणूस. रक्तात असतं त्यांच्या." मी म्हटलं, "फुलसिंग कंद नेऊन काय करेल?" "विकेल नागपुरात कुठल्या तरी बंगल्यावर. तुम्हाला काय ठाऊक, बाई? आम्ही कोर्टात रोज बघतो." डॉक्टर देशकरांनी मान डोलावली. आमच्या ह्यांनीही डोलावली, डोलवायचीच होती त्यांना.

नानासाहेबांनी ठाण्यावर नुसता निरोप धाडला, तेवढ्यानं जीप निघाली. आमच्या घरची गाय चोरीला गेली होती तेव्हा एक शिपाई सायकलवरसुद्धा आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप बंगल्याच्या फाटकाशी थांबली आणि शिपायांनी ओसरीवर एक पोतं उपडं केलं. त्यातून कांदे घरंगळले. मग लसूण, मग आल्याचे तुकडे, मग कसले कसले जंगलातले कंद. जमादारानं लिलीचा कंद उभ्या जन्मात पाहिला नव्हता. "गोल दिसलं ते सारं आनलं, साहेब," तो म्हणाला. "चूल उकरली, अंगन खोदलं. तुमीच वळखा आता."

फुलसिंग पायरीवर बसला होता. पागोटं सुटून गळ्यात आलेलं, एक गाल सुजलेला. नानासाहेबांनी चष्मा लावला, खुर्ची पुढे ओढली आणि एकेक कांदा उचलून उन्हात धरून बघू लागले. "हा नाही. हाही नाही." लसणाचे गड्डे तर त्यांनी पाकळी पाकळी सोडवून पाहिले. फुलसिंग एकदाच बोलला. "तो बेन्याचा लसून हाये, साहेब. चुरू नका." नानासाहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी खांबाशी उभी होते आणि मनात म्हणत होते, किती काळजीनं बघताहेत, निरपराध माणसावर आळ येऊ नये म्हणून. आज ते आठवलं की माझं डोकं तडकतं.

शेवटी ते म्हणाले, "यात नाही. विकला असेल." पुरावा नाही म्हणून फुलसिंगला सोडलं. पोतं कोणी परत पोचवलं नाही. डॉक्टरांनी त्याला कामावरून काढलं, बँकेतल्या साहेबांनी काढलं. आमच्याकडे तो मी निरोप धाडूनही आला नाही. उरलेले कंद आम्ही लावले. मला त्या हिवाळ्यात बागेत पाऊल टाकावंसं वाटेना.

होळी झाली. आणि एका संध्याकाळी नानासाहेबांचं बोलावणं आलं, सगळ्यांना, पन्ह्यासाठी. ओसरीवर मधोमध स्टुलावर एक कुंडी, आणि कुंडीत ते फूल. एक नव्हे, चार. आत पांढरी, गळ्यात पिवळी, पाठीवर वांग्याचा रंग. चोरलेला कंद लपवता येतो. फूलही लपवता आलं असतं, गच्चीवरच्या कुंडीत उमलून तिथंच वाळलं असतं. पण शौकीन माणसाला ते जमत नाही. दुसऱ्यानं पाहिलं नाही तर त्याला फूल फुलल्यासारखंच वाटत नाही.

"पुण्याच्या भाच्यानं पाठवला होता कंद," नानासाहेब म्हणाले. "सहज."

सगळ्यांनी पुस्तकातलं ते पान पाहिलेलं होतं. सगळ्यांना चिठ्ठी आठवत होती. डॉक्टर देशकर फुलाकडे वाकून बघत राहिले, मग सरळ झाले आणि म्हणाले, "वा. आपल्या हवेत हे फुललं म्हणजे कमाल आहे, नानासाहेब." आमचे हे म्हणाले, "हाताचा गुण." मग प्रत्येकानं काही ना काही म्हटलं.

मी उठून आत गेले. रजनीवहिनी पन्ह्यात वेलदोडा घालत होत्या. मी विचारलं नाही, नुसती समोर उभी राहिले. त्यांनी चमचा खाली ठेवला. "रागावू नको, कुंदा," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी तुझी निघाली तेव्हापासून यांना झोप नव्हती गं. एकेकाला एकेक वेड असतं. कंदाला पिल्लं सुटली की पहिलं तुलाच देणार आहेत, मला म्हणाले आहेत तसं."

"आणि फुलसिंग?"

"पोलीस इतकं करतील असं यांना थोडंच वाटलं होतं? आणि एकदा सांगून बसल्यावर मग माणूस मागे कसा येणार? यांचं नाव आहे गावात." असं म्हणून त्यांनी पेले भरायला घेतले. मला त्या बाईचा राग आला, आणि ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, असंही वाटलं.

मी बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "नानासाहेब, हा माझा कंद आहे. फुलसिंगला बोलवा आणि त्याच्यासमोर हे सांगा."

कोणी पेला खाली ठेवला नाही. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घराला आग लावली आहे. नानासाहेब मात्र हसले. कोर्टात कच्चा साक्षीदार सापडल्यावर हसत असतील तसे. "चिठ्ठी कुंदाबाईंची निघाली होती ना, त्यांचं दुःख मी समजू शकतो. हातातोंडाशी आलेला घास गेला. बाई, पिल्लं सुटली की एक तुम्हाला. झालं?" मंडळी हसली. मी फुलसिंगचं बोलत होते, त्यांनी मला हावरट ठरवलं. पुढे ते म्हणाले, "आणि फुलसिंगचं म्हणाल, तर माझ्या मनात काही नाही. येऊ दे त्याला परत कामावर. मी त्याला केव्हाच माफ केलंय."

"मन मोठं लागतं त्याला," बँकेतले साहेब म्हणाले.

घरी येताना हे एवढंच बोलले, "तुला काय गरज होती? माझी नोकरी आहे त्यांच्या हाताखाली." दुसऱ्या दिवशी हे शाळेत गेल्यावर मी घाटंजीची एस.टी. धरली.

तांडा सडकेपासून आत होता. फाट्यावर उतरून वावरांतून चालत गेले. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, ऊन लागत होतं. फुलसिंगच्या घरापुढे त्याची बायको, बिजलीबाई, सुपात तूर पाखडत होती. मी माझं नाव सांगितलं. तिनं बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.

"फुलसिंग कुठे आहे?"

"गेला, बाई. रस्त्याच्या कामावर, लंबा. इथं त्याले कोनी काम देऊन नाही राह्यलं."

मी तिला सगळं सांगितलं. चिठ्ठी, वाळू, फूल, रजनीवहिनी. बोलता बोलता माझा आवाज चढला. ती पाखडतच होती. मध्ये एकदा थांबून म्हणाली, "जमनीची सगाई मोडली. फुलसावंगीकडचे लोक होते. चोराच्या घरची पोरगी नाही करत म्हने." जमनी तिची लेक. गेल्या पोळ्याला बापाबरोबर आमच्याकडे आली होती, माझ्या बागेत हात मागे बांधून फिरली होती.

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं. "तुमच्या नायकापुढे सांगते, चार माणसांपुढे."

बिजलीबाईनं नायकाला बोलावणं धाडलं. तांड्याचा प्रमुख देवीलाल नायक आला, म्हातारा माणूस, काठी टेकत. खाली बसून त्यानं माझं सारं बोलणं ऐकून घेतलं. चार-सहा बायाही येऊन उभ्या राहिल्या.

"तुमी म्हनता ते खरं असन, बाई," तो म्हणाला. "तुमाले खोटं बोलाचं कामच काय? पन पाहा. पोलिस आलते ते जीपीत आलते. तीन तांड्यातल्या लोकायनं पायलं. अंगन खोदतानी पायलं, फुलसिंगले मारतानी पायलं. तुमी आल्या एकल्या, एस.टी.नं, सडकेवरून पायी. तुमाले कोनं पायलं?"

"मग काय करू?"

"तुमी काय करान? तोच जमादार, तेच साहेब, त्याच जीपीत येऊन सांगतीन का, हा मानूस चोर नोयता म्हनून? मंग फुलसावंगीवाले आयकतीन. नाही येत ना ते?"

येणार नव्हते ते. नानासाहेबांनी तर फुलसिंगला माफ केलं होतं. ते मी तिथं सांगितलं नाही, माझ्या तोंडून ते निघालंच नसतं. नायक उठला, मला हात जोडले आणि गेला. बायाही पांगल्या. तो रागावला असता, शिव्या दिल्या असत्या, तर मला सोसलं असतं.

मी पिशवी उचलली तेव्हा बिजलीबाईनं सूप बाजूला ठेवलं.

"बाई, एक विचारू काय? ते होतं काय? पोलिस सांगत नोयते. कांदा का लसून, का आनखीन काही?"

"फुलाचा कंद होता."

"खातेत काय त्याले?"

"नाही."

"दवाईच्या कामात येते?"

"नाही."

"मंग देवाले वाहत असन फूल."

"नाही. विलायती फूल आहे ते. नुसतं बघायचं."

"लय दिवस राह्यते?"

"आठ-दहा दिवस," मी म्हटलं. "मग वाळतं."

एखादा हिशेब पटावा तशी तिनं मान हलवली. मला तिच्या पायाशी बसून रडावंसं वाटलं. पण माझ्या रडण्याचं तिनं काय करायचं होतं?

"उनाच्या आल्या तुमी," ती म्हणाली, आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "जमनी, बाईले पानी दे."

आत कोणीतरी हललं. दारात कोणी आलं नाही. बिजलीबाईनं दुसऱ्यांदा हाक मारली नाही, आणि मीही पाण्यासाठी थांबले नाही.