मामाच्या शेळ्या आणि रक्तपित्या

पंधरा दिवसांत मामाच्या पाच शेळ्या गेल्या. संध्याकाळी उड्या मारणारी शेळी सकाळी गोठ्यात आडवी, मानेला दोन भोकं आणि रक्ताचा टिपूसही नाही. जनावरांचं रक्त पिणारा रक्तपित्या आलाय, असं म्हणत गाव दिवेलागणीलाच कड्या घालू लागलं. शेवटी मामीने भाचीला बोलावलं. भाची गुरांची डॉक्टर.

मामा गोठ्याच्या दारात काठी घेऊन बसला होता.

"त्याचे पंख छपराएवढे असतात म्हणे. तू मधे पडू नकोस, पोरी."

"एवढे पंख घेऊन तो या दारातून शिरला कसा? सरक जरा."

पाचवी शेळी तिने परसात चिरून पाहिली. रक्त होतं तिथेच होतं, गोठलेलं. मानेची भोकं मेल्यानंतरची, घुशीच्या दातांची. पोटात मात्र मकाच मका.

"मका कोण घालतं?"

"मीच. या पाचजणी नुसत्या मागे मागे यायच्या. मग पाटीभर ओतायचो."

हात धुवायला ती स्वयंपाकघरात गेली, तर मामी वाटच बघत होती.

"मक्यानंच ना? तिसरी गेली तेव्हाच मला शंका आली. रक्तपित्याची आवई मीच उठवली. लोक ह्यांना हसण्यापेक्षा त्याला शिव्या घालोत."

"मग मला कशाला बोलावलंस?"

"उरलेल्या सात जगायला नकोत? माझं ऐकतात का हे कधी?"

भाची बाहेर येऊन मामाशेजारी टेकली. दाणा अती झाला की आतड्यात विष होतं आणि धडधाकट जनावर एका रात्रीत जातं, हे तिने सांगितलं.

"म्हणजे मीच मारल्या?"

"मायेनं. पण हो."

मामाने बाहीला नाक पुसलं. मग भाचीने पिशवीतून लस काढली तसा तो उठून एकेक शेळी टोचायला धरू लागला. कुंपणावरून शेजारच्या शिंप्याने विचारलं, "काय, सापडला का रक्तपित्या?"

मामी दारात थिजली.

"सापडला," मामा म्हणाला. "हा काय, तुझ्यासमोर उभा आहे. मका चारून मारल्या मी."

शिंपी हसला नाही. कुंपण ओलांडून आला आणि सगळ्यात द्वाड शेळीची शिंगं त्याने धरली.

"मूठभर तरी चालेल ना गं?" मामाने हळूच विचारलं.

"मूठभर चालेल."

"कोणाच्या मुठीनं?"

"माझ्या!" मामी दारातून ओरडली.