हसण्याआधीच कापलेलं

मी सलूनमधला आरसा बोलतोय. कारखान्यात माझ्या काचेच्या पाठीवर मुलामा चढला आणि न्हावीदादाने मला खुर्चीसमोर टांगलं. तेव्हापासून ही भिंत हेच माझं घर.

दाढी चालू असताना गिऱ्हाइकाला मान वळवता येत नाही. मागच्या बाकावरच्या माणसाशी बोलायचं, तर माझ्यातूनच त्याच्या डोळ्यांत बघावं लागे. वाद, भांडणं, सगळं माझ्यातून व्हायचं. समोरच्याचा चेहरा बघत भांडणारा माणूस फार वेळ चिडलेला राहत नाही, एवढं मला कळलं.

शेजारच्या दुकानातला शिंपी रोज दाढीला यायचा. तो एका पक्षाचा, न्हावीदादा दुसऱ्याचा. निवडणूक आली की न्हावीदादा त्याच्या फेसाळ गळ्याला वस्तरा लावून विचारायचा, "बोल लेका, मत कुणाला? नाहीतर गेला हा गळा!"

"काप! भूत होऊन तुझ्या विरोधात मत टाकीन," शिंपी म्हणायचा. हसण्याने बाक हलायचा.

मग बाकावरच्या माना खाली गेल्या. प्रत्येकाच्या हातात फोन आला. मला नुसते भांग दिसू लागले.

एकदा एका गिऱ्हाइकाने ती थट्टा फोनवर टिपली आणि गंमत म्हणून मित्रांना पाठवली. पुढे कुणीतरी शिंप्याचं उत्तर आणि सगळ्यांचं हसणं कापून टाकलं. उरला वस्तरा आणि धमकी.

संध्याकाळपर्यंत तो तुकडा गावभर झाला. दुकानासमोर घोषणा झाल्या. गिऱ्हाइकं तुटली. न्हावीदादाच्या मुलीने पूर्ण व्हिडिओ मिळवला आणि सगळीकडे टाकला.

"शेवटपर्यंत कुणी बघतच नाही, बाबा," ती म्हणाली. "शिंपीकाकांनी स्वतः सांगितलं तरच मिटेल. नाहीतर दुकान गेलंच समजा."

शिंप्याने पहिल्या दिवशी सांगितलंही होतं, "अहो, चेष्टा होती ती." पण ते कुणालाच नको होतं. त्याच्या पक्षाने त्याला 'शूर मतदार' म्हणून सभेत बसवलं. मोठ्या पडद्यावर तो तुकडा पुन्हा पुन्हा चालला. गिऱ्हाइकं सांगत, तो नुसता बघत बसला होता. त्यानंतर तो काही बोलेनासा झाला.

मतदान उरकलं. एका सकाळी शिंपी आला आणि खुर्चीत बसला. न्हावीदादाचा चेहरा माझ्यात कितीतरी दिवसांनी उजळला.

"या, शूर मतदार! हे काय जंगल माजवलंय?"

शिंपी हसला नाही. न्हावीदादाने फेस लावला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं.

"वस्तरा राहू दे," शिंपी म्हणाला. "मशीन मार."

"अरे, मी आहे ना!"

"माहीत आहे रे. पण त्या पडद्यावर किती वेळा पाहिलंय मी ते."

"तू तर इथेच बसला होतास."

"होतो," शिंपी म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

न्हावीदादाने फेस पुसला. मशीन घरघरू लागलं.

दुकान अजून चालू आहे. थोडी गिऱ्हाइकं परतली, येतात आणि जातात. कुणी बोलत नाही. शिंपी आता घरीच दाढी करतो. मला वाईट वाटतं का? काचेला काय वाटणार! पण तुम्हाला एक विनंती आहे. कुणाशी भांडायचं असेल तर समोर बसून भांडा, आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. माझी साक्ष काढू नका. मी सगळं पाहिलं; पण फोनात तुकडा तरी राहतो, माझ्यात काहीच राहत नाही.