नावाचे पाच खिळे

तिसरा पिवळा कागदही बिघडला, तेव्हा यासीन मुन्शींनी बोरू खाली ठेवला आणि उजवा हात मांडीखाली दाबून धरला. उर्दूतल्या 'नून' अक्षराचा वाटीसारखा गोल उतरताना मधेच लचकला होता. खळ लावलेल्या त्या पिवळ्या कागदावर तेलकट शाईने लिहायचं, कागद शिळेवर दाबला की अक्षर दगडावर उलटं उतरतं, आणि मग छापताना सुलटं. त्यामुळे कागदावर हात हलला, तर तो पाचशे प्रतींत हललेला दिसतो. मुन्शींनी कागदाची घडी करून ती चटईखाली सरकवली. तिथे आधीच्या दोन घड्या होत्याच.

आर्वीच्या लक्ष्मणरावांच्या छापखान्यात मुन्शी एकतीस वर्षं उर्दूचं काम करत होते. लग्नाच्या पत्रिका, ईदच्या नमाजाची पत्रकं, युनानी दवाखान्याची जाहिरात, सगळं त्यांच्याच हातचं. त्यांचं अक्षर ओळखायला खाली नाव वाचावं लागत नाही, असं गावातले लोक म्हणत, आणि मुन्शी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत. पण दिवाळीपासून अंगठ्याजवळची शीर आपल्याच मनाने उडायला लागली होती. हे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. कातिबाचा, म्हणजे छापण्यासाठी अक्षर लिहून देणाऱ्याचा, हात गेला हे एकदा गावभर झालं, की मशिदीच्या पायऱ्यांवर लोक हळहळणार, जागा करून देणार, खांद्यावर हात ठेवणार. कुणी कीव केलेली मुन्शींना सोसत नसे.

त्यातच लक्ष्मणरावांनी नागपुरातल्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून उर्दूचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, आणले होते. शिशाचे, नस्ख या सरळ अरबी वळणाचे. शिळा आता झिजली, जुळवून छापलेलं बरं, असं त्यांचं मत. खिळे जुळवण्याचं काम तानबाकडे आणि तानबाला शिकवण्याचं मुन्शींकडे, अशी वाटणी त्यांनी परस्पर करून टाकली. मुन्शींनी तेव्हा मशिदीच्या अंगणात पाच-सात जणांसमोर सांगितलं होतं, की नस्ख कुराणशरीफसाठी, आपली उर्दू शिशात घातली की मेलेली दिसते. बोलणं गावभर झालं. तरी शिकवायचं त्यांनी टाळलं नाही. हाती घेतलेलं काम अर्धवट करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

तानबा चाळिशीचा, देवनागरी जुळवण्यात पटाईत. मागच्या वर्षी दसऱ्याला नागपूरला जाऊन तो बौद्ध होऊन आला होता. छापखान्यात मालकांचं मडकं वेगळं, आणि मुन्शी नि तानबा कोपऱ्यातल्या दुसऱ्या मडक्यातलं पाणी पीत. दोघांचा दिवस उलटी अक्षरं वाचण्यात जायचा, एकाचा दगडावर, दुसऱ्याचा शिशात. त्यामुळे फार बोलावं लागत नसे.

पहिल्या दिवशी तानबाने ओळ जुळवली ती सवयीने डावीकडून. तीही प्रत्येक अक्षर सुटं. देवनागरीत 'क' कुठेही गेला तरी 'क'च राहतो, तसं त्याने इथे धरलं होतं. मुन्शी प्रूफ बघून पोटभर हसले. एका घरातली माणसं भांडून वेगळी राहायला गेली आहेत, असं ते दिसत होतं. मग त्यांनी त्याला समजावलं, की हेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला आलं तर नुसता दात उरतो, मधे आलं तर दोन्हीकडून हात धरतं, शेवटी आलं तर पाय पसरतं, आणि एकटं असलं तर एकट्यासारखं बसतं.

"म्हंजे एका अक्षराचे चार खिळे?" तानबाने विचारलं.

"शिशात चार. माह्या हातात चाळीस," मुन्शी म्हणाले. "बाजूले कोन बसला ते पाहून माहं अक्षर बदलते."

महिनाभरात तानबा तयार झाला. वाचता एक शब्द येत नसे, पण कुठला आकार कुठल्या खणात, हे त्याच्या बोटांना पाठ झालं.

आणि आता हाजी गफूरसाहेबांच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं होतं. थोरल्या दोघांच्या पत्रिका मुन्शींच्या हातच्या. तिसरीही त्यांच्याच हातची हवी, शिशाचं नाव काढायचं नाही, असं हाजीसाहेब बजावून गेले होते. मजकूर चार दिवसांपासून मुन्शींसमोर होता आणि चटईखाली घड्या जमत होत्या.

तानबा पाणी प्यायला उठला आणि मुन्शींच्या मागे थबकला. चौथा कागद समोर होता. मुन्शींनी हात लपवायला थोडा उशीर केला.

"कवापासून?" तानबा हळूच म्हणाला.

"दिवाळी झाली तवापासून."

"मी कोनाले सांगत नाई."

मुन्शींनी मान हलवली. त्यांना त्याचा राग आला नाही, उलट चार महिन्यांनी कुणाशीतरी खरं बोलल्यामुळे छाती जरा हलकी झाली. संध्याकाळी मजकुराच्या कागदाची घडी करून ते उठले आणि सरळ हाजीसाहेबांच्या दुकानी गेले.

तिथे त्यांनी जे केलं ते एकतीस वर्षांत केलं नव्हतं. त्यांनी शिशाची तारीफ केली. नुक्ता, म्हणजे अक्षराचा ठिपका, जागच्या जागी बसतो, ओळ सरळ असते, म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता येतं, आणि दिल्ली-मुंबईलाही आता हेच चालतं. शेवटचं त्यांना खात्रीने माहीत नव्हतं, पण बोलून गेले. हाजीसाहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, की अंगणात शिशाला मेलेलं म्हणणारे तुम्हीच ना.

"मीच," मुन्शी म्हणाले. "माही चूक झाली."

हाजीसाहेबांनी परवानगी दिली, पण त्या दिवशी चहा मागवला नाही. चार दिवसांत गावभर बोलणं झालं, की मालकाने मुन्शीला फिरवला. जुम्म्याच्या, शुक्रवारच्या नमाजाला दोघा जणांनी सलामाला नुसती मान हलवली. मुन्शींना ते लागलं, चांगलंच लागलं. पण मुन्शी विकला गेला म्हणणाऱ्यांच्या तोंडी अजून त्यांच्या हाताचं कौतुक होतं. असा हात असून हा माणूस लिहीत नाही, म्हणून तर ते रागावले होते. तेवढं मुन्शींना पुरेसं होतं. लक्ष्मणराव मात्र खूश. शहाण्या माणसाला काळ कळतो, असं ते मशीनवाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले.

पत्रिका तानबाने दोन दिवसांत जुळवली. मुन्शी प्रूफ तपासताना पेन्सिल घेत नसत, चुकीवर नुसतं बोट टेकवत, आणि तानबा चिमट्याने खिळा बदलत असे. तीन चुका निघाल्या, तिन्ही दुरुस्त झाल्या. दुपारी तानबाने शेवटचं प्रूफ आणून समोर ठेवलं आणि तिथून हलला नाही.

नक्षीच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, सर्वांत बारीक खिळ्यांत एक शब्द जास्तीचा होता. शिळेवरच्या कामाखाली कातिबाने तिथे आपलं नाव घालायची रीत असते. तानबाने जुन्या पत्रिकेवरून आकार पाहून तो जुळवला होता. यासीन. एकही आकार चुकला नव्हता.

मुन्शींनी बराच वेळ त्याच्यावर बोट टेकवून ठेवलं.

"चुकलं का?" तानबाने विचारलं.

"नाई. बराबर हाय." मग ते म्हणाले, "पन हे म्या लिवलं नाई, तानबा. काढून टाक."

तानबा जागचा हलेना. तेव्हा मुन्शी स्वतः उठले, जुळवलेल्या खिळ्यांच्या चौकटीपाशी गेले आणि त्यांनी चिमटा मागून घेतला. पाच खिळे होते. सुरुवातीचा 'ये' काढताना चिमटा दोनदा घसरला. तानबाने मदतीला हात पुढे केला आणि परत घेतला. मुन्शींनी एकेक खिळा खिळ्यांच्या पेटीत ज्याच्या त्याच्या खणात टाकला. पहिला 'ये' सुरुवातीच्या खणात, मधला 'ये' मधल्या, आणि 'नून' शेवटच्या अक्षरांच्या. एकही दुसरीकडे पडला नाही. पाच खिळ्यांना पाव तास लागला.

मग मुन्शींनी चिमटा परत दिला. नावाच्या जागी तानबाने कोरं शिसं भरलं, चौकट आवळली आणि मशीनवाल्याला हाक मारली.