अनिलच्या जीपमधला आवाज

सोनूबाईच्या अंगणात उभ्या असलेल्या जीपभोवती अख्खा पाडा लोटला होता. खर्डीहून, मुरबाडकडून रिक्षा भरभरून माणसं येत होती. मेलेला ड्रायव्हर आपल्या जीपमधून आईशी बोलतो, ही बातमी डोंगरापलीकडे पोचली होती.

चांगो महाराज पुढच्या सीटवर मांडी घालून बसले होते. गळ्यात कवड्यांची माळ, मांडीवर भगवी झोळी. समोरच्या म्युझिक प्लेयरवर त्यांनी लाल फडकं टाकलं होतं.

"यंत्राकडं कोणी बघायचं नाय!" ते गरजले. "आत्म्याला तोंड नसतं, म्हणून त्यानं गाडीचं तोंड घेतलंय. चावी फिरवा!"

चेल्यानं चावी फिरवली. महाराजांनी डोळे मिटले, हात झोळीत घातला. जरा खरखर झाली आणि जीपच्या चारी कोपऱ्यांतून आवाज आला, "आई... गोळ्या घेऊ नको."

शंभर हात जोडले गेले. जीपच्या दाराला बिलगलेली सोनूबाई हंबरडा फोडून म्हणाली, "नाय रे घेत बाळा! नाय घेत!" आणि तिला खोकल्याची उबळ आली. तोंडावरचा पदर तिनं बाजूला केला, तेव्हा त्यावर रक्ताचा डाग होता.

तो डाग तिची सून शीतल हिनं पाहिला.

शीतलचा नवरा अनिल आसनगाव ते डोळखांब जीप चालवायचा. पावसाळा सरता सरता लेप्टोच्या तापानं तो गेला. त्या रडारडीत त्याचा मोबाइल कुठं हरवला, कोणालाच कळलं नाही. दिवसकार्य झाल्यावर महाराज न बोलावता पुन्हा आले. मयतीच्या दिवशीही ते आले होते आणि 'गाडीची दृष्ट काढतो' म्हणून बराच वेळ जीपमध्ये बसले होते. तेव्हापासून जीप बोलू लागली. सोनूबाईनं टीबीच्या गोळ्या बंद करून महाराजांचा अंगारा सुरू केला. येत्या अमावस्येला जीप सिद्धगडाच्या पायथ्याच्या आपल्या मठाला अर्पण करायची, हेही महाराजांनी ठरवून टाकलं होतं.

शीतल खुळी नव्हती. पण तो आवाज अनिलचा होता! तो कानावर पडला की ती हातातलं काम टाकून अंगणात धावायची. एकदा कोणी नसताना ती जीपच्या काचेला कपाळ टेकवून म्हणाली होती, "अहो, आपल्या लहानग्या भाविकला कसं वाढवू मी एकटी?" जीप गप्पच राहिली. महाराजांना विचारलं, तर म्हणाले, "आत्मा दमलाय."

गोळ्या घेऊन आरोग्यसेविका रंजिताताई आल्या, त्यांना सोनूबाईनं उंबऱ्यावरूनच परत लावलं. ताई शीतलला बाजूला घेऊन म्हणाल्या, "गोळ्या मधेच सोडल्या तर आजार उलटतो गो. मग साध्या औषधाला दाद देत नाय. तुझी सासू जाईल हातची. घरात लहान पोर आहे, त्यालाही लागण होईल."

"मी काय करू ताई? आवाज त्यांचाच आहे. मी वळखत नाय का?"

"आवाज त्याचा असेल. पण बोलतंय कोण?"

संध्याकाळी शीतल गोठ्यामागं जाऊन बसली. अनिलनं पाठवलेले जुने आवाजी निरोप तिच्या फोनमध्ये होते. रोज ते लावून ती रडून घ्यायची. आज मात्र तिनं कान देऊन ऐकलं. आईला ऐकवायला पाठवलेल्या एका निरोपात अनिल म्हणत होता, "आई, उपाशीपोटी गोळ्या घेऊ नको. आधी भाकर खा." मागं स्टँडवरचा कोणी ओरडत होता, "डोळखांब, डोळखांब!"

शीतल ताठ झाली. जीपमधल्या आवाजामागंही तीच ओरड होती, मधेच तुटलेली. कोणीतरी 'उपाशीपोटी' हा शब्द कापला होता, आणि पुढची भाकरही. हा निरोप दोनच फोनमध्ये होता. एक तिच्या हातात, दुसरा हरवलेला.

गाडी चालवताना फोन हातात घ्यावा लागू नये, म्हणून अनिलनं जीपमध्ये हॅण्ड्सफ्री बसवून घेतलं होतं. चावी फिरवली की खिशातला फोन ब्लूटूथनं आपोआप प्लेयरला जोडला जाई. वायरबियर काही नाही. गाणी, फोनवरचं बोलणं, सगळं स्पीकरमधून. आणि पॅसेंजरनी हवी ती गाणी लावावीत म्हणून त्यानं फोनला लॉकही ठेवलं नव्हतं.

अमावस्येला गर्दी दुप्पट झाली. शीतलनं रंजिताताईंना बोलावून घेतलं होतं. महाराजांनी चावी फिरवायला सांगितली, आवाज झाला, सोनूबाई खाली बसली. तेवढ्यात चेल्याला बाजूला सारून शीतल ड्रायव्हरच्या सीटवर चढली आणि तिनं फडकं ओढलं. उजळलेल्या पडद्यावर जोडलेल्या फोनचं नाव होतं: अनिल.

"हे बटन दाबलं की फोनमधलं पुढचं वाजतं," ती म्हणाली. तिनं बटन दाबलं.

"शीतल, भाविकचा ताप उतरला का? येताना औषध आणतो."

तिनं पुन्हा दाबलं.

"आई, उपाशीपोटी गोळ्या घेऊ नको. आधी भाकर खा."

"बाईनं गाडी बाटवली! आता कोणी हात लावू नका!" महाराज झोळी कवटाळून उतरले आणि तरातरा रस्त्याकडं निघाले. शीतल एकामागून एक निरोप लावत होती. महाराज रस्त्यावरच्या चिंचेपलीकडं गेले तसा अनिलचा आवाज अडखळला, तुटला, बंद पडला.

"महाराज लांब गेले नि आत्मा पण गेला!" शीतल ओरडली. "आणा त्यांना माघारी!"

पोरांनी त्यांना धरून आणलं. जीपजवळ येताच आवाज पुन्हा सुरू झाला. झोळी उलटी केली, तेव्हा लिंबू-अंगाऱ्यातून अनिलचा फोन खाली पडला.

सोनूबाईनं शीतलच्या छातीवर मुठी मारल्या. "कशाला केलंस गो? माझा अनिल बोलत होता!"

"माझाही, आई," शीतल म्हणाली, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

महाराज पोलिसांच्या ताब्यात गेले. त्याच दुपारी त्याच जीपनं सोनूबाईला शहापूरच्या दवाखान्यात नेलं. थुंकी पुन्हा तपासली, उपचार नव्यानं सुरू झाले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हाती काही उरलं नसतं.

अजूनही कोणी दूरचं माणूस जीप बघायला येतं. शीतल त्याचे दोन शब्द त्याच्याच फोनमध्ये रेकॉर्ड करते, तो प्लेयरला जोडून देते, आणि त्याचाच आवाज त्याला चारी बाजूंनी ऐकवते. मग म्हणते, "दुःख खरं असतं हो. पण त्याचा फायदा घेऊन कोणी दाखवलेला चमत्कार त्यानं खरा होत नाय. हात जोडायच्या आधी विचारा, हे होतं कसं? आणि आजारी माणसाचं औषध डॉक्टरला विचारल्याबिगर कोणाच्याही शब्दावर बंद करू नका. अगदी मेलेल्या पोराच्या आवाजात कोणी सांगितलं, तरी नाय."