जिन्यातल्या फळ्या

माझ्या धाकट्या मुलीला जुळी झाली, त्या वर्षाची ही गोष्ट. बाळंतपणासाठी मी मुलीकडे जाऊन राहिले आणि इकडे माझ्या थोरल्या जाऊबाई जिन्यात पडल्या. उतरताना त्यांना वाटलं की पायऱ्या संपल्या, पण एक उरली होती. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना चौथ्या मजल्यावर घरी नेलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मी तळमजल्यावर राहते, त्या चौथ्यावर. तेव्हापासून, मी परत आल्यावरही, त्या खाली उतरल्याच नाहीत.

जाऊबाई कोणाला ऐकणाऱ्या नव्हेत. सारा जन्म त्यांनी हॉस्पिटलात आयाचं काम केलं. ऑपरेशन झालेली धिप्पाड माणसं कण्हत पडली की या कमरेवर हात ठेवून म्हणायच्या, "उठा. पाय खाली सोडा. पलंग काय नावावर करून दिलाय तुमच्या?" माणसं मुकाट्याने चालायला लागायची. आणि आता त्याच बाई रोज आपल्या दारापर्यंत यायच्या, जिन्याकडे बघायच्या आणि मागे फिरायच्या.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, दुसऱ्या शहरात असतो. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगते. रात्री फोन वाजला की तो आधी "आईला काय झालं?" असंच विचारायचा. त्याने आपल्या घरात आईसाठी खोली रिकामी केली, पलंग आणला, भिंतींना रंगही दिला.

"आई, तिथे लिफ्ट आहे, खिडकीतून बाग दिसते," तो म्हणाला.

"बाग बघून काय करू? तिथे भांडायला कोण आहे मला?" जाऊबाई म्हणाल्या.

"उद्या काही झालं तर तुला खाली कोण नेणार?"

"मी माझ्या पायांनी खाली उतरले आणि परत वर आले तर?"

"तर हा विषय मी पुन्हा काढणार नाही. पण महिन्याअखेरीला मी येतोय. नाही जमलं तर सामान बांधायचं."

फोन ठेवून त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "धाकटे, मी काय बोलून बसले गं?"

आमच्या गल्लीच्या टोकाला बंद पडलेल्या दवाखान्याच्या हॉलमध्ये आमचं दुपारचं मंडळ भरायचं. सगळे साठीच्या पुढचे. खुर्च्या गोलात मांडायच्या, बसूनच व्यायाम करायचा, कोणाचा रक्तदाब तपासायचा, कोणाची गाणी, मग चहा. व्यायामाची घंटा वाजवायचे कंडक्टर. हे जुने बस कंडक्टर. "हात वर करा" म्हटलेलं आमच्यातल्या निम्म्यांना ऐकू यायचं नाही, घंटा मात्र सगळ्यांना यायची. एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. शिवाय नियम असा, की जो दोनदा आला नाही त्याच्या घरी मंडळाने जायचं.

म्हणून मंडळ जाऊबाईंकडे गेलं. सोबत व्यायाम शिकवणारी मुलगी होती. ती हॉस्पिटलातून यायची. तिने जाऊबाईंचा पाय हलवून बघितला, त्यांना उठायला बसायला लावलं, मग जिना बघून आली.

"हाड छान जुळलंय, आजी. पायात ताकद आहे. पण चौथ्या मजल्यापासून खालपर्यंत टेकायला कुठे जागा नाही. मध्येच दम लागला तर काय, याची तुम्हाला भीती वाटते. जिन्याच्या प्रत्येक वळणावर बसायची सोय झाली तर जमेल."

"झाली समजा," शिडीभाऊ म्हणाले. हे सुतार. उंची अशी की दारातून वाकून यायचे, म्हणून सगळे त्यांना शिडीभाऊ म्हणत.

दोन मजल्यांमध्ये एक अशी जिन्याला चार वळणं आहेत. शिडीभाऊंनी चारही ठिकाणी भिंतीला बिजागऱ्यांवर फळ्या बसवल्या. नको तेव्हा वर दुमडून ठेवायच्या. काम देखणं होतं. जाऊबाई पहिल्या वळणापर्यंत माझा हात धरून उतरल्या आणि फळीवर बसल्या. पाय हवेत.

"ही फळी कोणाच्या मापाने केलीत?" जाऊबाईंनी विचारलं.

शिडीभाऊंनी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं.

"मी काय झोके घेऊ इथे?"

मुलगी म्हणाली, पाय जमिनीला टेकले नाहीत तर उठता येत नाही, तेव्हा उंची कमी करायलाच हवी. शिडीभाऊ दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी पट्टी घेऊन आले, जाऊबाईंच्या टाचेपासून गुडघ्यापर्यंत माप घेतलं आणि चारही फळ्या खाली आणल्या. आता त्या जाऊबाईंना अंगच्या चोळीसारख्या बसल्या.

मग सराव सुरू झाला. आधी एक मजला, मग दोन, मग तीन. मुलगी पुढे, मी मागे. बसल्यावर उठायचं कसं, तेही तिने शिकवलं. कडेला सरकायचं, पाय मागे घ्यायचे, नाक अंगठ्यांच्या वर येईल इतकं वाकायचं आणि मग उठायचं. जाऊबाई पहिल्या मजल्यापर्यंत सहज यायला लागल्या. पण शेवटचा जिना काही होईना. त्या तिथे पडल्या होत्या. त्या पायऱ्यांवर नजर गेली की त्यांचा हात कठड्याला चिकटून बसायचा.

"उद्या करू," त्या म्हणायच्या. असे पुष्कळ उद्या झाले आणि पुतण्या येऊन ठेपला. सोबत दोन मोठ्या रिकाम्या बॅगा.

मुलीने आदल्या दिवशी मंडळात बजावलं होतं की जिन्यात गर्दी करू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकू किती जणांना आलं होतं, कोण जाणे.

सकाळी जाऊबाई दारातून निघाल्या. पुढे मुलगी, मागे मी, माझ्यामागे पुतण्या. पहिल्या वळणावर आलो तर फळीवर शिडीभाऊ. शाबासकी द्यायला म्हणून वर चढून आले होते, दम लागला आणि टेकले. जाऊबाईंना बघून ते उठायला गेले आणि परत खाली आपटले. पुन्हा गेले, पुन्हा आपटले. फळी जाऊबाईंच्या मापाची. शिडीभाऊंचे गुडघे हनुवटीला लागत होते.

"अहो, उठता येत नाही मला," ते हळूच म्हणाले.

मुलीने कपाळाला हात लावला. "आजी, थांबा, यांना आधी उठवते."

"बसू दे त्यांना. उठता उठता माझ्यावर पडायचे." जाऊबाई कठडा धरून उभ्याउभ्याच दम खाऊन पुढे निघाल्या.

दुसऱ्या वळणावर कंडक्टर. तेही अडकलेले. बसल्या जागेवरून त्यांनी दोन घंटा दिल्या.

"तुमची गाडीच बंद पडलीय, मास्तर," जाऊबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

तिसऱ्या वळणावर मंडळातले बेकरीवाले होते, आणि त्यांनी तर फळी पुरती भरून टाकली होती. त्यांनी नुसते हात जोडले.

पहिला मजला आला. मी मागे बघितलं. पुतण्याचा चेहरा उतरला होता. आईला एकदाही बसायला मिळालं नव्हतं. आणि समोर तो शेवटचा जिना. त्याच्या मधल्या वळणावर मंडळातल्या शिवणकाम करणाऱ्या बाई फळीवर बसून रडवेल्या झाल्या होत्या.

जाऊबाई थांबल्या. कठड्यावरची बोटं पांढरी पडली. मुलगी दोन पायऱ्या खाली उभी होती, पण तिने हात पुढे केला नाही. पुतण्या बोलणार होता, मी त्याच्या दंडाला चिमटा काढला.

तेवढ्यात वरून शिडीभाऊंचा आवाज आला, "झालं का? लवकर उरका. माझ्या पायांना मुंग्या आल्यात."

"ऐकलंस, धाकटे?" जाऊबाई म्हणाल्या. "आता यांना काढायला मला परत वर जायचंय."

आणि त्यांनी पाय टाकला. एक एक पायरी टाचेने चाचपत, पुटपुटत, शिवणवाल्या बाईंना "रडू नको गं" म्हणत, त्या उतरत गेल्या. शेवटी पाय फरशीला लागला. त्यांनी तो उचलून पुन्हा टेकवला. आणखी पायरी नव्हती. त्या चालत बाहेरच्या दारापर्यंत गेल्या, चौकटीला हात लावला, रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "केवढं ऊन पडलंय."

मग मागे वळल्या. जिन्याखाली उभं राहून त्यांनी कमरेवर हात ठेवले. हॉस्पिटलातला तो आवाज मी कित्येक वर्षांनी ऐकला.

"उठा. कडेला सरका. पाय मागे घ्या. नाक अंगठ्यावर आणा. फळी काय नावावर करून दिलीय तुमच्या?"

शिवणवाल्या बाई पहिल्याच झटक्यात उठल्या. जाऊबाई चढून गेल्या, त्या जागेवर बसल्या, दम घेतला आणि पुढे निघाल्या. बेकरीवाल्यांना उठवलं, त्यांच्या जागी बसल्या. कंडक्टरना उठवलं, बसल्या. शिडीभाऊंना वेळ लागला. पुतण्याने आणि मुलीने काखेत हात घातले आणि जाऊबाईंनी हुकूम सोडले, तेव्हा कुठे ते उभे राहिले. ते उठल्यावर जाऊबाई त्यांच्या फळीवर ऐटीत बसल्या आणि म्हणाल्या, "माप मात्र छान घेतलंत."

आपल्या दारात पोहोचल्या तेव्हा त्या घामाने भिजल्या होत्या आणि खालपासून वरपर्यंत टाळ्या चालल्या होत्या. बहिऱ्या लोकांच्या टाळ्या, थांबायचं नाव नाही. शेवटी कंडक्टरनी एक घंटा दिली.

पुतण्या रिकाम्या बॅगांपाशी बसला होता. डोळे पुसून मला म्हणाला, "काकू, सामान बांधायला म्हणून चार दिवसांची रजा काढलीय. आता काय करू?"

"दुपारी मंडळात खुर्च्या मांड," जाऊबाई आतून म्हणाल्या. "मी येणार आहे."

आल्या त्या. स्वतःच्या पायांनी आल्या. पुढे आसपासच्या इमारतींनीही फळ्या मागितल्या आणि शिडीभाऊंनी प्रत्येक वळणावर दोन बसवल्या, एक बुटक्यांसाठी आणि एक उंचांसाठी.

त्यानंतर शिडीभाऊ पाच वर्षांनी पावसाळ्यात वारले. जाऊबाई सात वर्षांनी, थंडी संपता संपता, एका मंगळवारी दुपारी चौथ्या मजल्यावर आपल्या पलंगावर वारल्या. आदल्या दिवशी त्या मंडळात येऊन गेल्या होत्या.