आजीचा पत्त्यांचा डाव

आमच्या काळी कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमिंगची भाषा बसवायची म्हणजे फ्लॉप्या बदलता बदलता दाढी गुडघ्यापर्यंत यायची. माझी तर एकदा ड्राइव्हमध्येच अडकली.

"आजोबा, थापा पुरे," नात म्हणाली. "पॅकेज मॅनेजर नावाच्या प्रोग्रॅमला नुसतं भाषेचं नाव सांगायचं, तो इंटरनेटवरून आणून बसवतो."

तिच्या आजीने एका जुन्या भाषेत पत्त्यांचा खेळ लिहिला होता. आजी गेल्यानंतर आलेल्या नव्या कॉम्प्युटरवर ती भाषा नव्हती, म्हणून खेळ बंद पडला होता.

नातीने एक ओळ टाइप केली. पडद्यावर अक्षरं सरसर धावली, भाषा बसली आणि खेळ उघडला. मी लगेच हरलो.

कोड चाळून नात म्हणाली, "आजीनं तुम्हाला जिंकायची सोयच ठेवली नाहीये."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "ती शेजारी बसून हसायची, म्हणून तर खेळायचो. चल, आणखी एक डाव लाव."